वाजणं थांबवायचं नाही

४ नोव्हेंबर

वरणाचा डाव फेकला. हितेंद्र वाकला म्हणून वाचला. डाव भिंतीला लागला, मोठा पिवळा डाग पडलाय. पुसणार नाही. राहू दे, जेवताना रोज समोर दिसेल त्याला.

(नवऱ्याचं नाव इथेच लिहिते. बाहेर 'अहो' आणि 'डिंपलचे पप्पा'. वहीत कोण बघतंय!)

झालं ते आबांमुळे. जेवता जेवता सासरेबुवांनी जाहीर केलं — तुळशीचं लग्न झालं, सुपाऱ्या सुरू झाल्या, यंदा आपल्या बँडच्या गाडीवर डिंपल गाणार. मी वाढत उभी होते. मला कोणी विचारलं नाही. आईला काय विचारायचं, तिने फक्त नऊ वर्षांपूर्वी जन्म दिलाय!

श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवात पोर गायली, तिथून हे सुरू झालं. बायका गात होत्या, ही मध्येच वरच्या पट्टीत शिरली आणि सगळ्या बायका गप्प झाल्या. मीही झाले. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. आबा ओट्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले. पन्नास वर्षं बँड चालवलेला माणूस. त्यांनी त्याच क्षणी मनात गाडी सजवली असणार.

मी म्हटलं, चौथीतली पोर आहे, दारुड्यांच्या वरातीत नाचायला मिळाली का तुम्हाला? हितेंद्र म्हणाला, नाचायला नाही, गायला. म्हटलं, फरक सांग. त्याने फरक सांगायला तोंड उघडलं आणि मी डाव फेकला.

५ नोव्हेंबर

बोलणं बंद. स्वयंपाक केला, मीठ घातलं नाही.

९ नोव्हेंबर

डिंपलला घेऊन जळगावला गेले. घरी सांगितलं, मावसबहिणीकडे चालले. सुनंदाबाई म्हणून गाण्याच्या शिक्षिका आहेत, शेवंताबाईने पत्ता दिला. शेवंताबाई म्हणजे आमची शेजारीण, तिच्याकडे जगातल्या सगळ्यांचा पत्ता असतो.

सुनंदाबाईंनी डिंपलला गायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग तिला बाहेर झोपाळ्यावर पाठवलं आणि मला म्हणाल्या, गळा कोवळा आहे, रोज थोडं गाऊ दे, घरात, हळू आवाजात. गर्दीत नको. भोंग्यांवर ओरडून गायली तर मोठी व्हायच्या आत संपेल. मी विचारलं, म्हणजे गाऊच नये का लोकांपुढे? तर म्हणाल्या, गावं की, वर्षातून एखादं देवळात, शाळेत. पण धंदा नको. धंद्यात 'आज गळा दुखतोय' म्हणायची सोय नसते.

हे शेवटचं वाक्य परतीच्या एसटीत घोकत आले. घरी येऊन जसंच्या तसं हितेंद्रच्या तोंडावर मारलं. तो हसला. म्हणाला, बाईंना क्लासची फी पाहिजे. म्हणाला, देवाने गळा दिला तो काय कपाटात ठेवायला? आता लोकांना लहान पोर गाताना आवडते, मोठी झाल्यावर अशा छप्पन फिरतात. मोबाइल काढून कुठल्या कुठल्या पोरांचे रील दाखवायला लागला. मी मोबाइल हिसकावून मोरीत टाकला. मग त्याने माझा दंड धरून पिरगाळला. मी चावले. बरोब्बर मनगटाला.

आबा दारात येऊन म्हणाले, "मी सात वरीसना व्हतू तव्हय ढोल गळामा पडना. माले कोनी इचारं?"

म्हटलं, आबा, म्हणूनच डाव्या कानाने तुम्हाला ऐकू येत नाही. तेही त्यांनी ऐकलं नाही, मी डावीकडे उभी होते.

१० नोव्हेंबर

दंड काळानिळा. त्याच्या मनगटावर माझे दात. झाली फिट्टंफाट.

१८ नोव्हेंबर

आज पहूरला पहिली हळद. मी म्हटलं, पोर जाणार तर मी जाणार. बँडच्या टेम्पोत बाई बसत नाही म्हणे. बसले.

झुलाल क्लॅरिनेट वाजवतो, आबांच्या हाताखाली तयार झालेला, डिंपलला स्वतःच्या पोरीसारखा जपतो. त्याने तिला गाडीवर चढवलं, पोटाला ओढणी बांधून दांड्याला गाठ मारली, धक्क्याने पडू नये म्हणून. चमचमता फ्रॉक. हातात माइक, माइक तिच्या तोंडापेक्षा मोठा. आणि गायली! सगळं पहूर हललं. म्हाताऱ्या बायका कडेवरची नातवंडं खाली ठेवून नाचल्या. नवरदेवाच्या आईने तिची दृष्ट काढली. पोरीचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, उजळून निघालेला. मला अभिमान वाटला. वाटला तर वाटला! लगेच स्वतःचाच राग आला.

मध्ये दोघा नाचणाऱ्यांनी एकमेकांची गचांडी धरली. धक्का लागला, पाय तुडवला, असलं काहीतरी. डिंपल घाबरून थांबणार, तेवढ्यात आबांनी खालून हात हलवला — चालू ठेव. ती गात राहिली. ते दोघे थोडा वेळ गुरगुरले आणि परत नाचायला लागले.

येताना टेम्पोत आबांनी तिला मांडीवर घेऊन शिकवलं. बँडवाल्यांचा नियम आहे म्हणे, आबांच्या वडिलांपासूनचा. "मारामारी व्हस तं व्हऊ दे. वाजाडानं बंद करानं नही. वाजाडानं थांबनं का मंग मार बँडवालासले." भांडणाऱ्यांना काहीतरी फोडायचंच असतं, आवाज बंद झाला की त्यांना आपण दिसतो. डिंपलने मान डोलावली. पाढा पाठ करताना डोलावते तशी.

२१ नोव्हेंबर

शाळेतून बाईंचा निरोप, डिंपल वर्गात झोपते. मी म्हटलं, तिच्या आजोबांना सांगा.

२४ नोव्हेंबर

लागोपाठ तीन सुपाऱ्या झाल्या. पोरीचा आवाज सकाळी घोगरा येतो. मी हळद-दूध देते, आबा ज्येष्ठमध देतात, हितेंद्र म्हणतो, घोगरा आवाज आता चालतो.

चालतो! मी त्याच्या अंगावर गेले. तो पायात चप्पल घालत होता, तीच चप्पल घेतली आणि जिथे लागेल तिथे हाणली. पाठीत, खांद्यावर, कानावर. त्याने मला कपाटावर ढकललं, आरसा फुटला. बांगड्या फुटल्या. रक्त आलं थोडं. शेवंताबाई कठड्यावरून बघत होती, तिला म्हटलं, तिकीट काढ.

आणि एवढं चाललेलं असताना आतल्या खोलीत बाईसाहेब गात होत्या! मोठ्याने! पहूरला गायलेलंच. इकडे आईबाप एकमेकांचे गळे धरतायत आणि ही तान घेतेय. नंतर मी आत जाऊन रागावले, तुला काही वाटतं का गं? ती बघत राहिली. हिचं काळीज बापासारखं, दगडाचं.

२६ नोव्हेंबर

पुन्हा तेच. मी आणि तो चुलीपाशी, ती आत, गाणं चालू. शेवंताबाई म्हणाली, तुमच्या घरी तर रोजच कार्यक्रम! तिला सरळ सांगितलं, तुझं तोंड सांभाळ, नाहीतर तुझाही कार्यक्रम करीन.

२८ नोव्हेंबर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

धुळ्याला हळद होती. मोठं घर, मोठा मांडव, रस्ता अडवून नाच. दुपारपासूनच पोरं पिऊन आलेली. एकच गाणं पुन्हा, पुन्हा, पुन्हा. डिंपलने पाणी मागितलं तर हितेंद्रने हातानेच खूण केली, हे कडवं होऊ दे. तिचा गळा फाटत चालला होता, मला खाली उभं राहून ऐकू येत होतं. वरची पट्टी लागत नव्हती, ती मान ताणून ओढून घेत होती. मी हितेंद्रचा शर्ट धरला, थांबव म्हटलं. तो म्हणाला, वरमाय समोर उभी आहे, तमाशा करू नकोस.

तेवढ्यात मुलाकडचे आणि मामाकडचे जुंपले. कोणाच्या खांद्यावर नवरदेव बसणार यावरून! काठ्या निघाल्या. कोणीतरी ऊस ओढला मांडवाचा. एकाचं नाक फुटलं, पांढरा शर्ट लाल. मी गाडीकडे धावले. आणि एक बाटली आली. कुणी फेकली, कुणाला फेकली, देव जाणे. डिंपलच्या कपाळाला लागली.

ती थांबली.

खरंच थांबली. माइक हातात, रक्त भुवईवरून डोळ्यात, आणि आवाज बंद. कॅसिओवाला पण थांबला. एक क्षण अशी शांतता की जनरेटर तेवढा ऐकू आला. आणि मग ते सगळे आमच्याकडे वळले. आबा म्हणतात तस्सेच. "बंद का केलं रे?" असं एकजण म्हणाला आणि त्याने झुलालला धरलं. झुलाल सगळ्यांत पुढे होता, गाडीला पाठ लावून, पोरीला आड करून. त्याचंच क्लॅरिनेट हिसकावून त्याच्या तोंडावर मारलं. दोनदा, तीनदा. दात पडताना मी बघितले. तो खाली पडला, मग लाथा. मी एकाचे केस धरले, दुसऱ्याच्या पोटरीत झांज हाणली, पितळेची झांज, कडेने. तो किंचाळला. मला बरं वाटलं. अजून हाणल्या. पदर फाटला, कोपराची सालं निघाली, कशाचं भान नव्हतं.

हितेंद्र गाडीवर चढला. मला वाटलं पोरीला उचलतोय. त्याने तिचा खांदा हलवला आणि ओरडला, "गा! डिंपल, गा! झुलालला मारून टाकतील!"

आणि ती गायली. रक्त तोंडात जात होतं, थुंकली आणि गायली. तो आवाज तिचा नव्हता, पत्रा कापतात तसा होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती माणसं सैल पडली. एकाने हात वर केले. दुसरा नाचायला लागला. झुलालच्या अंगावरून नाचले मेले!

आबांचा नियम खरा ठरला. आबा गाडीच्या चाकापाशी बसून रडत होते.

२९ नोव्हेंबर

कपाळाला टाके. झुलाल धुळ्यालाच दवाखान्यात. पुढचे सगळे दात गेले, जबडा बांधलाय. क्लॅरिनेट आता त्याच्याकडून वाजणार नाही.

डिंपलने सकाळी 'आई' म्हटलं. फक्त हवा आली.

१ डिसेंबर

जळगावच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. पडद्यावर आम्हाला दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, मध्ये सूज, दोन्हीकडे गाठी धरायला लागल्यात, एका बाजूला रक्त साकळलेलं. पूर्ण मौन. महिनाभर एक शब्द नाही, कुजबुज तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, पोर लहान आहे, आवाज परत येईल. पण या अवस्थेत पुन्हा ताणून गायली, तर मी काही सांगू शकत नाही, कायमचा जाईल.

हितेंद्र खाली मान घालून बसला होता. बाहेर पडल्यावर जिन्यात मी त्याला एक ठेवून दिली. त्याने गाल धरला, उलट काही केलं नाही. पहिल्यांदाच.

४ डिसेंबर

घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. टीव्ही बंद, भांडी हळू.

६ डिसेंबर

डिंपल मौन पाळते, अगदी शहाण्यासारखं. भूक लागली की पोटावर हात, पाणी पाहिजे की अंगठा ओठाला. शेवंताबाईची नक्कल नुसत्या भुवयांनी करते. आम्ही सगळे हसलो, हितेंद्रसुद्धा. मग हसताना तिचा आवाज निघेल म्हणून मीच तोंडावर हात धरला.

आबा दिवसभर तिच्या खाटेपाशी बसतात. आज मला म्हणाले, नूतन, माझं चुकलं. सासरा सुनेला असं म्हणत नाही आमच्यात. मी चहा ठेवला. ते सांगत होते, त्यांच्या बापाने त्यांना ढोल बांधला तेव्हा ते रडले होते, आणि रडताना पण वाजवत होते, कारण बाप पुढे चालत होता आणि मागे वळून बघत नव्हता. म्हातारा वाईट नाही. पण याच्यामुळे माझ्या लेकीचा गळा फुटला, आणि हे मी त्याला कधी माफ करणार नाही, चहा कितीही देईन.

८ डिसेंबर

पुन्हा तपासणी. सूज उतरतेय! डॉक्टरांनी डिंपलच्या पाठीवर थाप मारली. असंच चालू ठेवा म्हणाले, हिच्याएवढं मौन मोठ्यांना जमत नाही. येताना बसस्टँडवर तिला केळी घेऊन दिली. रावेरची असतील, माझ्या बापाने असल्या केळीचे घड आयुष्यभर कापले. तिने एक मला भरवलं. आज मी सुखी आहे, असं स्पष्ट लिहून ठेवते.

९ डिसेंबर

दुपारी अंगणात टेम्पो. बँडची पोरं गाडी चढवतायत. आणि गाडीच्या पुढच्या फळीला नवा फ्लेक्स — डिंपलचा फोटो, हातात माइक, खाली 'खान्देशची बाल कोकिळा'.

हितेंद्र म्हणाला, पोर गाणार नाही, नुसती उभी राहील. मागून रेकॉर्ड लावू, ती ओठ हलवेल. इसार घेतलाय, आता माघार घेतली तर पुढच्या सीझनला कोण बोलावेल? नुसती उभी राहील म्हणे! बाटल्यांपुढे, त्याच गर्दीपुढे, कपाळावर टाके घेऊन. म्हणाला, टाक्यांवर टिकली लावू.

टिकली!

माळ्यावर माझ्या बापाचा केळीचा विळा आहे. लग्नात आणला होता, हसले होते इथले लोक. तो काढला. आधी फ्लेक्स फाडला, पोरीच्या फोटोला सोडून कडेकडेने. मग मोठा ढोल. कातडं फाटताना असा आवाज झाला की रस्त्यावरची माणसं थांबली. मग दुसरा ढोल. मग भोंग्यांच्या वायरी. बँडची पोरं पळाली. हितेंद्रने मागून केस धरले, मी विळा मागे फिरवला, त्याच्या तळव्याला लागला, रक्त उडालं माझ्या गालावर. त्याने मला जमिनीवर आपटलं. वर बसला. बुक्क्या. तोंडात माती, दातात माती. मी त्याच्या डोळ्यात बोटं घातली. आबा मध्ये पडले तर त्यांना कोणाचा धक्का लागला कोण जाणे, ते गाडीवर जाऊन आदळले. मी ओरडत होते, आज तुला मारीन नाहीतर मरेन, आणि मला ते खरोखर म्हणायचं होतं. विळा हाताशी होता. अजून वीतभर.

आणि मला गाणं ऐकू आलं.

डिंपल दारात उभी. डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. गात होती. पूर्ण ताकदीने. धुळ्याला गायली होती तसं, पत्रा कापल्यासारखं, मध्ये मध्ये आवाज तुटत होता, हवा येत होती, ती पुन्हा ओढून घेत होती. हितेंद्रचा हात वरच राहिला. मी त्याला ढकलून उठले, धावले, ओरडले, गप्प बस, गप्प बस. ती थांबेना. मी तिच्या थोबाडीत मारली. तरी गातेय. अजून एक मारली. तिसरीला ती थांबली, डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बापाकडे. तो अंगणात हात धरून बसला होता.

एवढे दिवस जपलं. सगळं मातीत घातलं कार्टीने!

१० डिसेंबर

डॉक्टरांकडे निघायच्या आधी तिची वेणी घालत होते. गालावर माझी बोटं उठलीत. मी विचारलं, का गायलीस गं? नाही म्हणून सांगितलं होतं ना?

बोलू नकोस म्हणायच्या आत ती बोलली. घोगरं, म्हाताऱ्या बाईसारखं. "मारामारी चालू असली की थांबायचं नाही. मी थांबले, तर झुलालकाकांना मारलं."

मग म्हणाली, "घरात मी कधीच थांबले नाही. म्हणून तर तुला जास्त लागलं नाही."